छान म्हणू नका

लिहायला बसलो की माझे पाय एका पाटावर असतात. हा जन्माने पाट नव्हे. आमच्या घरी आला तेव्हा तो स्टूल होता. त्याचा पाट कसा झाला हे सांगायचे, तर समोरच्या घरातील गृहस्थांविषयी सांगावे लागेल. ते क्रमाने सांगता येणार नाही. त्या गृहस्थांचे कोणतेच काम क्रमाने होत नसे.

इंदिरानगरमधील आमच्या इमारतीत ते आमच्या आधीपासून राहत होते. अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागाचे अधिकारी होते. इतरांनी केलेल्या वस्तू दिवसभर विकत घ्यायच्या, ही त्यांची नोकरी. संध्याकाळी स्वतः वस्तू करायच्या आणि वाटून टाकायच्या, हे त्यांचे व्यसन. परदेशी यंत्रे ज्या लाकडी पेट्यांतून कारखान्यात येत, त्या पेट्यांच्या फळ्या ते रीतसर परवानगी घेऊन घरी आणत. पार्किंगच्या कोपऱ्यात, स्कूटरींच्या पलीकडे, त्यांची करवत चाले. इमारतीने त्यांचे नाव सुतारसाहेब ठेवले होते. ते त्यांना मान्य नव्हते.

‘खऱ्या सुतारानं ऐकलं तर तो दावा लावेल,’ ते म्हणत.

यात विनय नव्हता. त्यांचे काम खरोखर चांगले नसे. सांधे उघडे राहत. कडा तासायच्या राहून जात. एकदा केलेल्या फडताळाचे दार उघडे ठेवले तर मिटे आणि मिटले तर उघडे. कारण एकच होते: एक वस्तू पुरी होण्याआधी त्यांना दुसरी सुचलेली असे. त्यांना एका जागी थांबता येत नसे. चहाही ते चालत पीत. आमच्या दिवाणखान्यात आले की खिडकी ते दार, दार ते खिडकी. मी ‘बसा’ म्हणत असे. ते ‘बसतो की’ म्हणून उभेच राहत. इतक्या वर्षांत मी त्यांना आमच्या घरी बसलेले पाहिले नाही. खिशात घडीची मोजपट्टी असे; बोलता बोलता ते ती उघडत, आमचे टेबल मोजत, आणि मापाचा उपयोग काहीच न करता पुन्हा मिटत.

मी जिल्हा न्यायालयात लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आयुष्यात एकही निकाल दिला नाही. इतरांनी दिलेले टंकलिखित केले. तरी ते मला जज्जसाहेब म्हणत. ‘काय जज्जसाहेब, आज कोणाला फाशी?’ हा त्यांचा जिन्यातला नमस्कार होता. मी उत्तर देत नसे. त्यांना त्याचेही काही वाटत नसे. उत्तर येईपर्यंत ते एक मजला खाली पोचलेले असत.

वस्तू देण्याचा त्यांचा एक नियम होता. वाढदिवस, वास्तुशांत, पाडवा अशा दिवशी ते कोणाला काही देत नसत. वार नसलेला वार ते निवडत. बहुधा मंगळवार.

‘वाढदिवसाला दिलेलं कोणीही घेतं हो. घ्यावंच लागतं. मंगळवारी सकाळी, काही कारण नसताना, नुसतं हातात नेऊन ठेवा. मग माणूस कळतो.’

माणूस कळावा ही त्यांची खरी हौस होती. लाकूड हे निमित्त. वस्तू हातात देताना ते घेणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नसत, हातांकडे पाहत. ‘तोंड शिकवलेलं असतं,’ ते म्हणत. ‘हातांना अजून कोणी शिकवलेलं नाही.’

वरच्या मजल्यावरच्या देशपांडेवहिनी टाचा उंचावून कपडे वाळत घालतात, हे त्यांनी गॅलरीतून पाहिले होते. त्यांच्यासाठी त्यांनी पायरी केली. वहिनींनी दारातच ती घेतली. ‘अगंबाई, कशाला एवढा त्रास घेतलात भाऊजी? किती छान!’ त्याच संध्याकाळी वहिनींकडून चकल्यांचा डबा आला. शेजारचे भांडे रिकामे परत पाठवू नये, ही आपली जुनी रीत. येथे भांडे गेलेच नव्हते, तरी रीत पाळली गेली. तो डबा घेऊन ते आमच्याकडे आले आणि टेबलावर आपटून म्हणाले, ‘बघा. फिट्टंफाट. पायरीवर अजून पाय ठेवलेला नाही, आणि फिट्टंफाट.’

‘चकल्या चांगल्या असतात त्यांच्या,’ माझी पत्नी म्हणाली.

‘चांगल्या आहेतच. म्हणून तर राग येतो.’ आणि फेऱ्या घालत त्यांनी त्यातल्या बऱ्याच संपवल्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी किल्ल्या अडकवायची फळी आधी उलटी करून पाहिली. ‘कुठून मागवली? ऑनलाइन?’ घरी केली असे कळल्यावर ते ‘अच्छा अच्छा’ म्हणाले आणि फळी दुसऱ्या हातात गेली. तळमजल्यावरच्या बँकेतल्या तरुणाने त्याच्यासाठी केलेल्या पुस्तकांच्या घोडीचा फोटो काढला. ‘काका, स्टेटसला टाकलाय. लय लाइक्स.’ पुढच्या आठवड्यात ती घोडी दाराआड होती. तिच्यावर हेल्मेट होते.

‘हेल्मेट ठेवलंय ना?’ ते खूश होऊन म्हणाले. ‘मग काही हरकत नाही.’

त्यांच्या दृष्टीने वस्तूचे तीन शेवट होते. वापरात झिजणे हा उत्तम. माळ्यावर जाणे हा मध्यम, कारण माळ्यावरून वस्तू कधीतरी खाली येते. काचेच्या कपाटात जाणे हा वाईट. ‘शोकेसमध्ये ठेवली, म्हणजे हार घातला,’ असे ते म्हणत. आपली वस्तू कोठे आहे हे पाहण्यासाठी ते काहीतरी कारण काढून लोकांच्या घरी जात. विरजण मागायला जात. वर्तमानपत्र मागायला जात. लोकांना हे ठाऊक झाले होते. बेल वाजली की आतून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज येई आणि मग दार उघडे. माळ्यावरचा स्टूल घाईने बैठकीत आलेला असे, त्याच्यावरची धूळ तशीच.

एकदा मी त्यांच्याबरोबर पिंपळगाव बसवंतला गेलो. द्राक्षांचा हंगाम होता. त्यांच्या गाडीत पुढे मी आणि मागे एक लहानसा बाक. तेथे त्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे द्राक्ष भरण्याचे पॅकहाऊस होते. घरची बाई सगळा कारभार पाहत असे. आदल्या वर्षी पेट्या भरणाऱ्या बाया जमिनीवर बसलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. बाईंनी बाक हातात घेतला, वर केला, खाली केला.

‘भाऊ, चांगला हाय. पण एवढुसा काय कामाचा? आमच्या बाया काय अशा काटकुळ्या हायेत का?’

सगळ्या बाया हसल्या. या गृहस्थांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच समाधान पाहिले. आम्ही द्राक्षे घेऊन निघालो, तेव्हा आवारात उतारावर एक टेम्पो उभा होता. त्याच्या मागच्या चाकाखाली दगडाऐवजी तो बाक सरकवला होता. मला वाटले, आता यांना वाईट वाटेल. त्यांनी गाडी थांबवली, उतरले, चाकाभोवती एक चक्कर मारली आणि बाकाला पायाने किंचित ढोसले.

‘हलत नाही,’ ते म्हणाले.

नाशिक येईपर्यंत ते शीळ घालत होते. महामार्गावर शीळ घालणारा खरेदी अधिकारी मी दुसरा पाहिला नाही.

आमच्याकडे स्टूल आला तोही मंगळवारीच. माझ्या पत्नीला ओट्याजवळ उभे राहून पाठीला रग लागे, हे त्यांनी केव्हातरी ऐकले होते. पत्नी म्हणाली, ‘छान आहे हो, भाऊजी.’ त्यांनी मान हलवली. ते दाराकडे वळले होते. मी ओट्याजवळ स्टुलावर बसून पाहिले.

‘डुगडुगतो,’ मी म्हणालो.

ते थांबले.

‘काय म्हणालात?’

‘डुगडुगतो. एक पाय वर राहतो आहे.’

पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला परिचित होती. परंतु ते गृहस्थ परत आत आले, गुडघे टेकून त्यांनी स्टूल दाबून पाहिला, आणि उचलून घेऊन गेले. पंधरा मिनिटांत करवतीचा आवाज आला. त्या दिवसापासून त्यांचे आमच्याकडे रोजचे येणे सुरू झाले.

स्टूल परत आला. मी बसलो. ‘आता दुसरा पाय.’ पुन्हा करवत. पुन्हा स्टूल. पुन्हा मी. महिन्याभरात हा एक नित्यक्रमच झाला. तो येई, ठेवला जाई, मी बसे, निर्णय सांगे, तो जाई. प्रत्येक खेपेला स्टूल खाली पार्किंगमध्ये जुळवला जाई आणि थोडा बुटका होऊन येई. पत्नीला तो ओट्याजवळ उपयोगी पडायचा काळ केव्हाच मागे पडला होता.

‘भाऊजी, आता राहू द्या,’ ती म्हणाली. ‘नाहीतर पाट होईल त्याचा.’

‘होऊ दे. पण ह्यांच्या तोंडून ‘ठीक’ निघालं पाहिजे.’

‘ह्यांच्या तोंडून? माझ्या स्वयंपाकाला तरी निघालंय का कधी?’

मी त्या संभाषणात भाग घेतला नाही. डुगडुगणाऱ्या वस्तूला ठीक म्हणणे मला शक्य नव्हते.

तो पाट झाल्यावर एके दिवशी पत्नीने केर काढताना उचलून खिडकीखाली ठेवला. तेथे तो पक्का बसला. तिने पुन्हा ओट्याजवळ ठेवला; डुगडुगला. पुन्हा खिडकीखाली; पक्का. तिने आम्हा दोघांना बोलावले आणि चपलेच्या टोकाने ओट्याजवळची फरशी दाखवली. फरशी एका बाजूने खचलेली होती. आम्ही दोघांनी इतके दिवस स्टूल एकाच जागी ठेवला होता, कारण तो त्या जागेसाठी केलेला होता.

‘दोन शहाणे,’ पत्नी म्हणाली आणि उरलेला केर काढू लागली.

त्यांनी मोजपट्टी फरशीवर आडवी ठेवून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘म्हणजे जज्जसाहेब, तुम्ही खरं बोललात आणि तेही चुकलं.’

‘स्टूल डुगडुगत होता. कारण कोणी विचारले नव्हते.’

‘बरोबर. पण छान म्हणाला नाहीत. तेवढ्यावर माझं भागलं.’

एवढी माणसे पारखणाऱ्या या गृहस्थांना एक माणूस मात्र पारखता येत नव्हता. त्यांची मुलगी रेणू.

रेणूच्या लहानपणी बाहुलीचे घर, कंपासपेटी, अभ्यासाचे उतरते टेबल, सारे काही त्यांनी केले. कंपासपेटीचे झाकण वर्गात मधल्या तासाला पडले आणि मुली हसल्या. ती घरी येऊन काही बोलली नाही. पण तेव्हापासून बापाने काही पुढे केले की ती तत्काळ म्हणे, ‘छान आहे बाबा.’ वस्तू हातात पडायच्या आत म्हणे. इमारतीत सर्वांत जलद ‘छान’ तिचे होते.

‘तिचं मला कळत नाही,’ ते खिडकी ते दार जाताना म्हणाले. ‘हात पाहावेत तर हातात मोबाईल. एकदा तरी म्हणावं, बाबा, हे भिकार आहे. मग मी करून देईन ना नीट.’

‘तिला विचारा.’

‘विचारून आलेलं उत्तर म्हणजे वाढदिवस. मला मंगळवार पाहिजे.’

तिचे लग्न ठरले. मुलगा पुण्याचा, चांगला, आणि फार उंच. ते कामाला लागले. या खेपेस त्यांनी पेट्यांचे लाकूड घेतले नाही. सागवान आणले. पूजेचा चौरंग करायचा होता. लग्नानंतरची पहिली पूजा तिच्या घरी तिने त्याच्यावर मांडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी तिला सांगितली नाही, मला सांगितली. पार्किंगमध्ये ते आठवडेच्या आठवडे त्या एकाच वस्तूला चिकटून होते. दुसरे काही मध्ये सुचले नाही. मी खाली जाऊन पाहत असे. कडा तासल्या होत्या. सांधे मिटलेले होते.

मग एके सकाळी ते आले आणि नेहमीपेक्षा जलद फेऱ्या घालू लागले.

‘रुखवतात नको म्हणाली.’

‘काय म्हणाली नेमके?’

‘छान आहे बाबा, पण थीममध्ये बसत नाही. पेस्टल थीम आहे.’ ते थांबले. ‘जज्जसाहेब, पेस्टल म्हणजे काय?’

‘फिके रंग.’

‘फिके,’ ते म्हणाले. त्यानंतरचा आठवडाभर ते जिन्यात, पार्किंगमध्ये, दूधवाल्याशी बोलतानाही मध्येच तो शब्द उच्चारत.

रुखवत म्हणजे वधूकडच्यांनी हाताने केलेल्या वस्तूंची मांडामांड. निदान माझ्या समजुतीप्रमाणे तसे असते. गंगापूर रस्त्यावरच्या त्या कार्यालयात एका भाड्याच्या टेबलावर भाड्याचे रुखवत मांडले होते. थर्माकोलची बैलगाडी, रंगवलेले नारळ, काचेचे हंस. सर्व फिके. पाहुण्या बाया हंसांजवळ उभ्या राहून फोटो काढत होत्या आणि ‘किती छान’ म्हणत होत्या. चौरंग जुन्या चादरीत गुंडाळून त्यांच्या गाडीच्या डिकीत होता. कशासाठी आणला, असे मी विचारले. ‘असू दे,’ ते म्हणाले. वधूपित्याने करायची कामे इतर लोक करत होते. वधूपिता मांडवातून पार्किंगमध्ये आणि पार्किंगमधून मांडवात जात-येत होता.

‘ह्यांना कोणीतरी धरून बसवा,’ त्यांची पत्नी मला म्हणाली. ‘तुमचं ऐकतात.’

ते माझे ऐकत नसत. मी तिला तसे सांगितले.

मंगलाष्टके संपली. अंतरपाट निघाला. अक्षता पडल्या. हार घालायची वेळ आली आणि अलीकडे जो प्रकार सर्वत्र होतो तो झाला. नवऱ्या मुलाच्या मित्रांनी त्याला उचलून खांद्यावर घेतले. आधीच उंच मुलगा, तो आता छताला लागला. रेणूने हार वर केला, पोचेना. तिने टाचा उंचावल्या. मित्र आणखी उंच झाले. लोक हसू लागले. वधूकडची पोरे तिला उचलायला धावली, तर तिने नऊवारी सावरत त्यांना दूर केले. ‘मला कोणी उचलायचं नाही हं, सांगून ठेवते.’ पुन्हा उडी. पुन्हा हशा. हाराची एक लड तुटून खाली आली. गुरुजी घड्याळ पाहू लागले. आता रेणूच्या चेहऱ्यावर हसू राहिले नव्हते. मित्रांच्या ते लक्षात आले नव्हते.

मी दाराकडे पाहिले. वधूपिता चादर ओढून काढत चौरंग घेऊन पळत येत होता. त्यांनी तो स्टेजवर तिच्या पुढ्यात ठेवला.

‘चढ.’

‘बाबा, हा पूजेचा...’

‘चढ म्हणतो ना.’

मुलाकडची एक वयस्कर बाई पुढे झाली. ‘अहो, देवाच्या चौरंगावर पाय?’

गुरुजी पंचवटीतले, अनुभवी होते. त्यांनी घड्याळावरून नजर काढली नाही. ‘आज ती लक्ष्मीच आहे, बाई. लक्ष्मीनं चौरंगावर नाही तर कुठं उभं राहायचं? हं, मुली, लवकर. पुढं आणखी एक लग्न आहे मला.’

ती चढली. चढताच चौरंग एका कोपऱ्यावर कलला. तिने झटकन बापाच्या डोक्यावर हात टेकला. फेटा वाकडा झाला. सर्व मांडव पाहत होता, व्हिडिओवाल्याचा दिवा तिच्या तोंडावर होता, आणि ती खाली पाहून मोठ्याने म्हणाली, ‘बाबा, अहो डुगडुगतोय हा.’

मी आयुष्यात पुष्कळ साक्षी ऐकल्या. इतकी सरळ क्वचित ऐकली.

‘धर मला,’ ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी चौरंग दाबून धरला होता. तिने हार घातला. टाळ्या झाल्या. मित्रांनी मुलाला खाली ठेवले. ती उतरली, पदर सारखा केला, आणि पुढच्या विधीला वळण्यापूर्वी म्हणाली, ‘नीट करून ठेवा. न्यायला येईन मी.’

त्या दिवशी ती ‘छान’ म्हणाली नाही. ते अजून चौरंगावर हात ठेवून वाकलेलेच होते. फोटोग्राफरला त्यांना बाजूला व्हायला सांगावे लागले.

ही गोष्ट येथे संपायला हरकत नव्हती. ती संपली नाही, कारण चौरंग नीट होईना.

दर रविवारी पुण्याहून रेणूचा फोन येई. पूर्वी तिचे बापाशी बोलणे ‘जेवलात का’ आणि ‘औषध घेतलंत का’ यापुढे जात नसे. आता ती पहिला प्रश्न तोच विचारी: ‘झाला का चौरंग?’ ‘होतोय,’ ते म्हणत. मग तो कोणता पाय, किती वर राहतो, खालून पाचर मारली तर चालेल का, असे बोलणे लांबत जाई. ती कारखान्यात कामाला नव्हती, सुतारकामाशी तिचा संबंध नव्हता. तरी तिने मोबाईलवर पाहून सांगितलेले उपाय ते मला सांगत. ‘म्हणते, पायांखाली रबर लावा. काय डोकं आहे बघा.’ रबर त्यांनी लावले नाही. काहीच केले नाही. डुगडुगण्याचा शब्द ऐकताच पंधरा मिनिटांत करवत चालवणारा हा माणूस महिनेच्या महिने स्वस्थ राहिला. पार्किंगमध्ये आवाज नव्हता. सेक्रेटरींनी मला विचारले, ‘सुतारसाहेबांची तब्येत बरी आहे ना?’

मी एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. चौरंग दिवाणखान्यात खिडकीजवळ होता. त्याच्यावर एकही वस्तू ठेवलेली नव्हती. ते त्याच्याभोवती फिरत दात घासत होते.

मी खाली वाकलो. या वयात ते सोपे नाही. एका कोपऱ्यावर तळहात ठेवून दाबले. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबले. चारही कोपरे झाले. मग चौरंग उचलून दाराजवळ नेला आणि तेथे दाबून पाहिले. फरशीचा अनुभव माझ्या गाठीशी होता.

‘हा डुगडुगत नाही,’ मी म्हणालो.

ते आत जाऊन चूळ भरून आले.

‘नाही.’

‘केव्हा दुरुस्त केलात?’

‘केलाच नाही. दुसऱ्याच दिवशी पाहिलं. पहिल्यापासून पक्का आहे.’ ते खिडकीपर्यंत जाऊन परत आले. ‘त्या कार्यालयाचं स्टेज वाकडं. फळ्या जोडून वर गालिचा टाकलेला. तुमच्या ओट्याजवळच्या फरशीसारखं.’

‘मग तिला सांगा. नेऊ द्या तिला.’

‘सांगितलं की ती येईल, नेईल, आणि म्हणेल छान आहे बाबा.’ खिडकी. दार. ‘पंधरा वर्षं ऐकलंय ते मी. आता कुठं दर रविवारी भांडतेय माझ्याशी. पाचर मारा म्हणते. रबर लावा म्हणते. भिकार काम करता म्हणाली परवा.’ हे सांगताना त्यांचा आवाज मी ओळखला. पिंपळगावच्या रस्त्यावरची शीळ तशी होती.

‘हे खोटे आहे,’ मी म्हणालो.

‘आहेच.’

‘वस्तू वापरात झिजली पाहिजे, हे तुमचेच म्हणणे.’

त्यांनी मोजपट्टी उघडली, चौरंगाची लांबी मोजली, मिटली. ‘बसा,’ मी म्हणालो. ‘बसतो की,’ ते म्हणाले आणि दाराकडे गेले.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ होता. त्यांनी फोन हातात धरून फेऱ्या चालू ठेवल्यामुळे रेणूला बहुधा आळीपाळीने छत आणि फरशी दिसत असावी.

‘बाबा, एका जागी उभे राहा ना. चक्कर येते मला. झाला का?’

‘होतोय.’

‘होतोय होतोय काय? पुढच्या महिन्यात पूजा घालायचीय आम्हाला. सासूबाई म्हणाल्या, दुकानातून आणू या. मी नको म्हटलं. माझा आहे म्हटलं. आता कुठं तोंड दाखवू?’

ते थांबले. फोन त्यांच्या हातात किंचित खाली आला आणि त्यात मी दिसलो असणार.

‘काका आहेत का तिथं? बरं झालं. काका, तुम्ही खरं सांगा. तुम्ही काही बाबांसारखे नाही. हे टाळतायत मला. चौरंग झालाय की नाही?’

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. माझ्याकडे पाहिले नाही; माझ्या हातांकडे पाहिले. माझा तळहात अजून चौरंगाच्या कोपऱ्यावर होता. मी पुन्हा एकदा दाबले. चारही पाय जमिनीला धरून होते.

‘अजून डुगडुगतो आहे,’ मी म्हणालो.

‘वाटलंच मला,’ ती म्हणाली. ‘आता ह्यांच्यावर सोडून उपयोग नाही. पुढच्या शनिवारी मीच येते. दोन दिवस राहते आणि समोर उभी राहून करून घेते. मग घेऊनच जाते. आईला सांगा, जेवायला काही फार करू नका म्हणावं.’

फोन बंद झाला. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. त्यांनी फोन खिशात टाकला आणि ते भराभर चालू लागले. खिडकी ते दार. दार ते खिडकी.

‘जज्जसाहेब.’

‘काय?’

‘शनिवारच्या आत एक पाय थोडा तासावा लागेल हो.’

‘हो.’

‘थोडासाच. तिच्यासमोर परत जुळवता आला पाहिजे.’

‘बसा आधी,’ मी म्हणालो.

सोफा रिकामा होता. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांनी तिन्हींकडे एकवार पाहिले. मग चौरंग माझ्या हाताखालून ओढून घेतला, खिडकीखाली ठेवला आणि त्याच्यावर बसले.